पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी नक्की काय करायचं? (वारसा, पर्यटन आणि आमचं गळकं छप्पर)

गडावरची
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पन्हाळ्यावर राहते. पायथ्याला नाही, वर, गडावर. लग्न होऊन आले त्याला आता एकवीस वर्षं झाली. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं घर, जांभ्याच्या भिंती, वर कौलं. पुढच्या दोन खोल्या शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो, म्हणजे पर्यटनाच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगते, मुलीची फी त्यातूनच भरली.

११ जुलै २०२५ ला पॅरिसमधून बातमी आली की १२ किल्ले जागतिक वारसा झाले, ११ आपले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात पन्हाळा. बरं मुहूर्त कसला, तर दुसऱ्या दिवशी १२ जुलै, महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले तो दिवस. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं होतं. पण त्या आधीपासूनच गडावर कुजबुज चालू होती की आता आपल्याला खाली घालवणार, घरं पाडणार, हंपीत केलं तसं करणार. सभा झाल्या, तसं काही होणार नाही म्हणून वरून सांगितलं गेलं. पण "होणार नाही" हे तोंडी किती दिवस पुरतं?

आता खरी गोष्ट. आमच्या माजघरावरचे वासे कुजलेत. नवीन मजला नको, स्लॅब नको, कौलं उतरवायची, वासे बदलायचे आणि तीच कौलं परत चढवायची. एवढ्यासाठी मी १४ महिने कागद घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडतेय. एक म्हणतात त्यांचा दाखला आणा, ते म्हणतात आधी ह्यांचा. फोटो मागितले दिले, नकाशा मागितला दिला, मग म्हणे नकाशावर अंतर दाखवलेलं नाही. आणि त्याच १४ महिन्यांत गडावर नवीन काय काय झालं ते मी रोज बघतेय, दिवे आले, बोर्ड आले, फोटो काढायच्या जागा आल्या, १३डी थिएटर तर आधीच झालेलं. पाहुण्याला सगळं मिळतं आणि घरातल्याला वासा बदलायला परवानगी नाही, असं झालंय.

रविवारी तर विचारू नका. चार दरवाजापासून, म्हणजे गडात शिरायच्या जागेपासून, गाड्यांची रांग. मागच्या महिन्यात शेजारच्या आजींना खाली न्यायचं होतं तर रिक्षा पाऊण तास एका जागी.

मला भांडण लावायचं नाही. दुसऱ्या गावांत, शहरांत, जिथं जुनं जपायचंय आणि माणसंही राहतात, तिथं काय करतात ते कळलं तर आम्ही इथं काही मागणी तरी करू. जाणकारांनी लिहावं.

रंकाळ्यावरचा
ताई मस्त लिहिलंय. आम्ही त्या रांगेतलेच :( रविवारी जोतिबा करून पन्हाळा, झुणका भाकर, दही, परत. लहानपणापासून हेच. पण खरं सांगू, आधी बाबांच्या स्कूटरवर चौघं जायचो, आता चौघांच्या तीन गाड्या जातात.

भटक्या_७२
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. किल्ला हे राहायचं ठिकाण नाही. हॉटेलं, लॉज, बंगले, पार्ट्या, हे सगळं गडावरून खाली गेलं पाहिजे. राजगडावर, साल्हेरवर कोणी लॉज काढलाय का? तिथं गेलं की कसं वाटतं आणि पन्हाळ्यावर गेलं की कसं वाटतं ते स्वतःच अनुभवा. तीन दरवाज्यासमोर गाडीचे हॉर्न ऐकायला मी नाही येत. योग्य मोबदला देऊन सगळ्यांचं पायथ्याला पुनर्वसन करावं, हाच एक उपाय.

गडावरची
@भटक्या_७२, राग नाही, पण इतिहास अर्धाच घेताय तुम्ही. पन्हाळा राजगडासारखा ओस पडलेला गड कधीच नव्हता. ताराराणींची राजधानी इथं होती, करवीरची गादी १७८२ पर्यंत इथं होती, मग खाली कोल्हापूरला गेली. राजधानी म्हणजे नुसता राजा नसतो, न्हावी असतो, सोनार असतो, पाणक्या असतो, शिंपी असतो. अंबरखान्यातली नुसती गंगा कोठी २५ हजार खंडीची सांगतात, ते धान्य कोण खात होतं, बुरूज? मोरोपंतांचा जन्म इथला, १७२९ चा. १८४४ ला गडकऱ्यांनी बंड केलं आणि इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, ते गडकरी इथंच राहत होते. आणि आज इथं नगरपरिषद आहे, शाळा आहेत, दवाखाना आहे, ३ हजारांच्या आसपास माणसं आहेत. आम्ही अतिक्रमण नाही हो, आम्ही राहिलेले आहोत.

पार्ट्यांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्या बाटल्या सकाळी आम्हीच उचलतो.

झुणकाभाकर
मी स्टॉल लावतो गडावर नाव नको तबक बागेच्या अंगाला कुठंतरी समजा, आमच्या आईनं सुरू केलं तेव्हा चूल होती आता गॅस आहे, ताई म्हणत्यात ते खरं हाय पण एक सांगतो खाली जा म्हणणाऱ्यानी आधी जुलै २०२१ आठवावा, पावसात रस्ता खचला चार दरवाजाच्या खालचा आणि गाडी वर यायची बंद झाली, महिनोनमहिने, त्या टायमाला गडावरच्या माणसाचं काय झालं कोण बघाय आलं न्हाई, दूध खालनं डोक्यावर आणलं, गिऱ्हाईक शून्य, मी स्वता कोल्हापुरात गाडी धुवायचं काम केलं चार महिने. तर पर्यटक पायजेच. पण रविवारी इतका येतो की भाकरी थापायला हात पुरत न्हाईत आन मंगळवारी माशी मारत बसायचं, हे पण बरोबर न्हाई. कोण हे सरळ करून देईल का, एवढाच प्रश्न हाय आमचा.

जुना_वाडेकर
ताई, तुमच्या दुःखात पुण्यातून सामील. कसबा पेठ, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या वाड्याला पाच टेकू आहेत, सहावा मागच्या पावसाळ्यात लावला. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकाम पूर्ण बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीने. म्हणजे पाडून बांधता येत नाही, बिल्डर फिरकत नाही, भाडं जुन्या दराचं असल्याने मालक दुरुस्ती करत नाही, आणि भाडेकरू म्हणतो मी कशाला खर्च करू माझं काय आहे. परिणामी शनिवारवाडा जपण्यासाठी आजूबाजूचे पेशवाईतल्या वळणाचे खरेखुरे वाडे आपोआप पडतायत. वारसा वाचवायच्या कायद्याने वारसा मरतोय, ह्याला काय म्हणायचं. निवडणूक आली की आमच्या बोळात सगळे पक्ष येतात, १०० मीटरचा प्रश्न सोडवतो म्हणतात, मग बोळ पुन्हा रिकामा.

पण एक गोष्ट कबूल करतो. हा नियम नसता तर शनिवारवाड्याच्या तटाला चिकटून आज १२ मजली टॉवर असते आणि त्यातल्या एकात मी असतो. दिल्ली दरवाजासमोर पार्किंगचं पोडियम. तेही नको वाटतं. म्हणजे मला नक्की काय हवंय ते मलाच कळत नाही, माफ करा, विस्कळीत झालं.

कोपऱ्यातला_मी
वाचतोय. चांगला धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पुणेरी_पाटी
तीन गाड्यांतून येणारे कोल्हापूरकर आणि वर झुणका भाकर वाजवी दरात हवी :)

रंकाळ्यावरचा
@पुणेरी_पाटी, या की एकदा, भाकरी आमच्याकडनं. पूर्वीच्या चितळ्यांसारखं १ ते ४ बंद नसतंय.

संपादक
हलकी थट्टा ठीक, पण विषय सोडू नये. तसेच विशाळगडाच्या प्रश्नावर आलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. तो विषय वेगळा आहे, इथे नको.

चुनाभट्टी
जरा सविस्तर लिहितो. मी संवर्धन वास्तुविशारद आहे, पन्हाळ्यावर काम केलेलं नाही पण अशाच दोन-तीन ठिकाणी केलंय.

पहिली गोष्ट, तीन वेगवेगळ्या टोप्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक युनेस्को. युनेस्को कुणाचं घर घेत नाही, पाडत नाही, तिच्याकडे तसा अधिकारच नाही. देशानं अर्ज करताना लिहून दिलेलं असतं की आम्ही हे हे असं असं जपू, त्याला बांधील देश राहतो. फार बिघडलं तर नाव काढतात, जर्मनीत ड्रेस्डेनला नदीवर पूल बांधला म्हणून २००९ साली काढलं. दुसरी टोपी केंद्रीय पुरातत्त्वाची. ह्या १२ पैकी ८ किल्ले केंद्राकडे, त्यात पन्हाळा आला, आणि ४ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. १००-२०० मीटरचा नियम ह्या टोपीतला, तो युनेस्कोच्या १५ वर्षं आधीपासून आहे. तिसरी टोपी तुमची नगरपरिषद आणि नगररचना, म्हणजे रस्ता, पाणी, पार्किंग, बांधकामाचा नकाशा. ताईंचा वासा दुसऱ्या आणि तिसऱ्या टोपीच्या मधे अडकलाय.

आता महत्त्वाचं. १०० मीटरच्या आतही दुरुस्ती आणि नूतनीकरण बंद नाही. बंद आहे ते नवीन बांधकाम. दुरुस्तीला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, आणि ह्या सगळ्या टप्प्यांना कायद्यातच मुदती घालून दिल्यात, दिवसांच्या आणि महिन्यांच्या, वर्षांच्या नाहीत. आणि अंतर वास्तूच्या भिंतीपासून नाही, संरक्षित हद्दीपासून मोजतात, त्यामुळे नकाशावर हद्द कुठं आहे ते आधी लेखी मागून घ्या. अर्ध्या फायली तिथंच अडतात.

त्याच २०१० च्या दुरुस्तीत असंही आहे की प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वेगळे हेरिटेज बायलॉज करायचे. म्हणजे इथं कौलं चालतील, इतकी उंची चालेल, हा रंग चालेल, खिडकी अशी, गटार असं. ते झाले की ताईंसारख्याला दर वेळी शून्यापासून सिद्ध करत बसावं लागणार नाही. देशात साडेतीन हजारांवर स्मारकं आहेत आणि बहुतेकांचे बायलॉज अजून झालेले नाहीत. दिवे लावायला पैसे मिळतात कारण दिव्यांचं उद्घाटन होतं. बायलॉजचं उद्घाटन कोण करणार?

भटक्या_७२
माहितीपूर्ण. पण मग तटबंदी दर पावसाळ्यात ढासळते त्याला जबाबदार कोण? वर वस्ती, वर हॉटेलं, पाण्याचा वापर, सांडपाणी. हे तुम्हीच सांगा वास्तुविशारद साहेब.

चुनाभट्टी
योग्य मुद्दा, आणि इथं मी तुमच्या बाजूने अर्धा येतो. गडाचा माथा जांभ्याचा, खाली काळा कातळ. जांभा स्पंजासारखा, पाणी पितो आणि कडेला जिथं खडक बदलतो तिथून सोडतो. पूर्वी गडावर पाणी यायचं ते पावसाचं, तळ्यात आणि विहिरीत साठायचं. सोमाळे तलाव, अंधारबाव बघा, तीन मजली विहीर, पाण्यावर पहारा बसवलेली. पाणी मोजून वापरायचे. आता खालून पंपाने चढवलेलं पाणी नळाने येतं, फ्लश होतं, शोषखड्ड्यात जातं आणि जांभ्यातून तटाच्या पोटात शिरतं. त्यात कुणीतरी तटाच्या भेगा सिमेंटने बुजवलेल्या असतात. चुन्याचा गुण असा की तो श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती आत कोंडतं. आत फुगलं की एका रात्रीत पोट बाहेर.

जैसलमेरला अगदी हेच झालंय. तोही राहता किल्ला, ११५६ चा, २०१३ ला जागतिक वारसा. वाळवंटातला किल्ला, घागरीने पाणी भरायची सवय, नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला बाथरूम आलं आणि पाया भिजून बुरूज ढासळले. तिथली माणसं हाकला हा उपाय नव्हता. पाईप आणि गटार हा उपाय. माणूस राहतो तिथं छपराचं गळणं दुसऱ्या दिवशी कळतं, ओस वास्तूत झाड भिंत फोडून बाहेर आल्यावर कळतं.

म्हणून माझं म्हणणं, पन्हाळ्याची क्षमता मोजायची तर तटावर उभी किती माणसं राहतील ते नका मोजू. रोज किती पाणी वर चढतं आणि किती घाण पाणी सुरक्षित खाली उतरतं ते मोजा. जो आकडा येईल तेवढ्याच खोल्या.

गडावरची
हे वाचून शहारा आला. आमच्या दोन खोल्यांना बाथरूम आम्ही २०१२ ला केलं. शोषखड्डा मागे, आणि मागे म्हणजे तटाकडे. कोणी सांगितलंच नाही हो कधी.

मळ्यावयलो
पणजीचा. मळा आणि फोंतायन्हस ह्या जुन्या वस्त्यांच्या सीमेवर घर. तुमच्याकडे हॉर्न, आमच्याकडे ड्रेस बदलणं. होय, आमच्या बाल्कांवात, म्हणजे घराच्या पुढच्या बसायच्या ओट्यावर, लोक येऊन बसतात, फोटो काढतात, दुसरा ड्रेस घालतात, परत फोटो. प्रीवेडिंग वाले तर दिवे आणि छत्र्या घेऊन येतात सकाळी सहाला. माझी आई ८१ वर्षांची, पूर्वी संध्याकाळी बाल्कांवात बसून ये-जा करणाऱ्यांशी बोलायची, आता आत बसते, कारण कोण विचारत नाही, सरळ तिचा फोटो काढतात. "सो क्यूट". ती काय मूर्ती आहे?

गंमत म्हणजे घर जुनं ठेवायला सांगतात, रंग दर वर्षी पावसानंतर नव्याने द्यावा लागतो, ओयस्टरच्या (शिंपल्यांच्या) खिडक्या दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, आणि ज्या भिंतीमुळे अख्खा धंदा चालतो त्या भिंतीच्या मालकाला त्यातला रुपया नाही. ज्याला परवडत नाही तो विकतो. घेणारा कॅफे काढतो किंवा बुटीक. रंग छान ठेवतो हं, माझ्यापेक्षा छान. पण रात्री दहानंतर त्या गल्लीत एकाही घरात दिवा नसतो. वारसा राहिला, गाव गेलं.

पन्हाळ्यावर सगळ्यात आधी हे बघा, घरं कोण विकत घेतंय.

कालव्याकाठी
अॅमस्टरडॅमहून. वरच्या प्रतिसादातली शेवटची ओळ इथं प्रत्येकाला पाठ आहे. कालव्यांचा भाग २०१० ला जागतिक वारसा झाला. इथल्या महापालिकेने हळूहळू आवळत नेलंय: मोठ्या बसेसना २०२४ पासून जुन्या शहरात बंदी, मुक्कामावर १२.५ टक्के कर, आणि नवीन हॉटेल काढायचं तर आधीचं एक बंद व्हायला हवं. गर्दी कमी झालीय का? माझ्या गल्लीत तरी नाही :) पण कराचा पैसा शहराच्या तिजोरीत येतो हे नक्की. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो लावले. तिथं जुन्या बेटावर १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहायची, २०२२ ला ५० हजारांच्या खाली आली. तिकीट लावेपर्यंत ज्यांच्यासाठी लावायचं ते निघून गेले होते.

यवतेश्वरचा_घाट
एवढं लांब कशाला जाताय, कासला या. साताऱ्यावरून पाऊण तास. पठार २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं आणि फुलांच्या हंगामात अशी झुंबड की फुलावर पाय ठेवूनच फुलाचा फोटो. मग दिवसाला ३ हजार, ऑनलाइन बुकिंग, गाडी लांब लावायची. आणि मुख्य म्हणजे हे चालवतात आजूबाजूच्या गावांच्या समित्या, वनखात्याबरोबर. तिकीट फाडणारं पोरगं गावातलं, वाट दाखवणारं गावातलं.

पण चूकही झाली ती सांगतो. फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं. गुरं आत जाईनात. चराई थांबली, गवत माजलं, आणि फुलं वाढायच्या ऐवजी काही जागी कमी झाली. जी म्हैस फुलं खाते म्हणून बाहेर काढली तीच गवत खाऊन आणि शेण टाकून फुलांना जागा करून देत होती. शेवटी कुंपण काढलं. भटक्या दादा, वाचताय ना :)

भटक्या_७२
वाचतोय. गडावरच्या माणसाला म्हैस म्हणायचं तर ताईंना विचारून म्हणा.

गडावरची
म्हणा म्हणा, दूध तरी देते ती :)

दस्तुरी_नाका
माथेरानचा अनुभव. गाडी दस्तुरीला थांबते, पुढं चालत, घोडा, मिनी ट्रेन, आता ई-रिक्षा. बाहेरून येणाऱ्याला स्वर्ग वाटतं. आम्हाला सिलेंडर, सिमेंटची गोणी, भाजी, सगळं हमालीसकट पडतं. रात्री दुखायला लागलं तर काय ते ज्याच्या घरी झालंय त्याला विचारा. ई-रिक्षा यावी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, घोडेवाल्यांचा विरोध, त्यांचंही पोट आहे. एवढं असून सांगतो, गाडीबंदी उठवा म्हणणारा इथं फारसा सापडणार नाही. कारण गाडी आली की माथेरान संपलं हे हमालालाही कळतं.

पन्हाळ्याला पूर्ण बंदी नाही चालणार, तिथं गाव मोठं आहे. पण पाहुण्यांच्या गाड्या खाली आणि स्थानिकांच्या वर, एवढं तरी शनिवार-रविवार करता येईल.

झुणकाभाकर
खाली गाड्या म्हंजे खाली कुठं, नेबापूरला का बुधवार पेठेत, जागा कुणाची, आणि खाली गाडी लावली की खालीच वडापाव खाऊन माणूस निम्मा परत जातोय बघा, आमच्यापर्यंत येतोय का. आणि म्हातारी माणसं, ल्हान पोरं घिऊन आलेले. बस सोडणार म्हणत्यात पण बस दर अर्ध्या तासाला सोडली तर लोक भांडत्यात, दर पाच मिनिटाला सोडली तर चालंल. ते कोण करणार. करत असाल तर मी तयार हाय, आमचे स्टॉलवाले पण तयार हुतील पण आधी बस दाखवा मग गाडी बंद करा, उलटं नको, आमच्याकडं कायम उलटंच हुतं.

रंकाळ्यावरचा
"आधी बस दाखवा मग गाडी बंद करा" हे चार दरवाजावर कोरून ठेवा.

निवृत्त_आरेखक
नगररचना खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, आता घरी आहे. नावं घेणार नाही, आठवण सांगतो. एका जुन्या गावाचा विकास आराखडा करताना आम्ही वाहनतळाचं आरक्षण टाकलं देवळाच्या पाठीमागे. का? तर कागदावर पांढरी जागा दिसली. प्रत्यक्षात तिथं उत्सवात पालखी टेकते. साहेब जागेवर गेलेच नव्हते, मीही गेलो नव्हतो, मी तर रेषाच मारणारा. गावकऱ्यांनी हरकत घेतली म्हणून वाचलं. सांगायचा हेतू हा की आराखड्यात वारसा म्हणजे काळा ठिपका आणि पर्यटन म्हणजे जांभळा पट्टा असतो. माणूस कुठल्या रंगात दाखवायचा ते आम्हाला शिकवलेलं नव्हतं.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात कलम २६ आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ३० दिवस हरकती आणि सूचना देता येतात. बहुतेक लोकांना ३१ व्या दिवशी कळतं. पेपरातल्या त्या बारीक टायपातल्या जाहिराती वाचत जा, आणि नगरपरिषदेच्या फलकावर आठवड्यातून एकदा नजर टाका. आणि नुसतं "आमचा विरोध आहे" असं लिहू नका, ते कचऱ्यात जातं. गट नंबर लिहा, इथं वाहनतळ नको कारण हे, त्याऐवजी तिथं करा, असं लिहा. सुनावणी मागा. शोषखड्ड्यांचं वर कुणी म्हणालं ते फार मोलाचं आहे, गडासाठी बंद गटार आणि शुद्धीकरण ही मागणी लेखी टाका. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

प्रवासी कराबद्दलही एक सुचवतो. नाक्यावर जो कर घेतला जातो त्यातला ठरावीक हिस्सा स्थानिकांच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला, असा ठराव सभेत मांडायला काय हरकत आहे? कौलं, वासे, चुना. पणजीच्या गृहस्थांचा प्रश्नही तोच.

जुना_वाडेकर
हे आवडलं. पुण्यात हेरिटेज यादीतल्या वास्तूला टीडीआर (दुसरीकडे वापरायला विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो म्हणतात पण तो मालकाला, आणि विकायला बाजार हवा. रोख दुरुस्ती अनुदान असतं तर आमचा सहावा टेकू लागला नसता.

चुनाभट्टी
@गडावरची, तुमच्या अर्जाचा मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून देतो. "नूतनीकरण" हा शब्द घालू नका, "दुरुस्ती, त्याच साहित्यात, त्याच आकारात" असं लिहा. वाशाचं लाकूड कुठलं तेही लिहा. आणि मोबाइलवर कुजलेल्या वाशाचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. शोषखड्ड्याचं घाबरू नका, पण पावसाळ्याआधी तो उपसून तळाला पाणी किती वेळात मुरतं ते बघा, फार पटकन मुरत असेल तर ती चांगली खूण नाही.

भटक्या_७२
पुनर्वसनाचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही, हॉटेलं अजूनही खाली जावीत असंच वाटतं. पण राहणारे आणि धंद्यासाठी बाहेरून आलेले ह्यांच्यात फरक करायला हवा हे मान्य. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला येतोय आमचा ग्रुप, ४० जण. एसटीने येऊ. आदल्या रात्री मुक्काम खाली करू. भाकरी मात्र वर.

झुणकाभाकर
४० जण आदल्या दिवशी सांगा दादा, पीठ दळून ठेवतो. ते वरचे आरेखक काका, हरकत मराठीत लिवली तर चालती का, आन आम्हा स्टॉलवाल्यांची एकत्र दिली तर?

निवृत्त_आरेखक
मराठीतच द्या. एकत्र देऊ नका, प्रत्येकाने वेगळी द्या, ४० सह्यांचं एक पत्र ही एकच हरकत धरतात. आणि पोच घ्या. तारीख आणि शिक्का असलेली. पोच नाही तर दिलंच नाही असं समजा.

गडावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी अंबरखान्याजवळ आम्ही दहा-बारा घरं जमतोय, हा धागा प्रिंट काढून नेणार आहे. चुनाभट्टी, व्यनि केलाय, मोजपट्टी धरून फोटो पण पाठवलेत, त्यात मागे मांजर आलंय तेवढं सोडून द्या. परवानगी कधी येईल ती येईल, तोवर काल कोल्हापुरातून नवीन ताडपत्री आणली. निळी मिळाली. हेरिटेज रंग नाही म्हणून कुणी नोटीस पाठवू नका म्हणजे झालं :)